सोळा अंश

उद्यमबागेत दिवसभर माझा व्यवहार
चौदाशे अंशांशी.
लोखंडाच्या रंगावरून सांगतो,
आता ओत, आता थांब.
वीस इकडं, वीस तिकडं, कास्टिंग काही रुसत नाही.

आणि घरी, टिळकवाडीत, मागच्या खोलीत
वीस लिटरच्या बादलीपुढं उकिडवा बसून
भांडतोय दोन अंशांसाठी.

मळप्रभा दारातून विचारते,
"काय करूलालास? झोपायचं नाही काय?"
"अठराचं सोळा करूलालोय."
ती दार ओढून घेते.

मार्चमध्ये गव्हाच्या बिअरचं यीस्ट घातलं होतं,
खोली सव्वीसवर.
चार दिवसांत सगळं उरकलं
आणि ग्लासात उतरलं शिकरण,
वर लवंग.
मग आणलं अमेरिकन. स्वच्छ, वक्तशीर,
काम करून निघून जाणारं.
त्यात खोट नव्हती. त्यात कुणी नव्हतंही.

हे तिसरं, कोलोनचं.
बंगळुरूहून रात्रीच्या बसनं,
बर्फाच्या डब्यात, ड्रायव्हरच्या सीटमागं बसून आलं.
वर तरंगून काम करतं एलसारखं
आणि गारवा मागतं लागरचा.
ते नेमकं कुठलं, विचारू नका.
आमच्याकडं हा प्रश्न आधीच फार विचारून झालाय.

पाकिटावर लिहिलंय, तेरा ते एकवीस.
म्हणजे इथली डिसेंबरची पहाट
ते डिसेंबरचे सकाळचे दहा.
एकवीसला ते घाईघाईनं नाशपाती बोलतं.
तेराला गप्प, आणि त्या गप्पपणाला
विझलेल्या काडीचा वास.
मधे कुठंतरी त्याचा खरा आवाज.

शेजारच्या नीलव्वा हुद्दार
थंडीत इडलीच्या पिठाला घोंगडी गुंडाळतात.
बादलीभोवती माझी ओली गोणपाटं बघून म्हणाल्या,
"उलटं का हो? त्याला थंडी वाजत नाही?"
"वाजू दे की थोडी. गरमीत ते बडबडतंय."
"नम्म यजमानरू हागे," म्हणाल्या,
आणि मला कळलं नसेल म्हणून परत,
"आमचे हे पण तसेच."

माल्टचा काढा तेवीसवर आला
तेव्हाच यीस्ट घालायचा मोह झाला.
नाही घातलं.
राकसकोपचं पाणी बाटल्यांत गोठवलेलं,
टबात सोडत गेलो एकेक,
अकरा, साडेअकरा, पाऊण.
अठरा. साडेसतरा.
करंट गेला.
अंधारात काटा दिसेना,
म्हणून बादलीच्या पोटाला तळवा लावला.
भट्टीनं निबर केलेला तळवा,
त्याला काय कळणार?
मग मनगट लावलं, आतल्या बाजूनं,
पोरीची दुधाची बाटली तपासायचो तसं.
थांब, म्हणालं मनगट.
बऱ्याच वेळानं म्हणालं, घाल.

छत्तीस तास काहीच नाही.
एअरलॉकमधलं पाणी
शाळेच्या ग्रुप फोटोतल्यासारखं ताठ.
कामावर एक साचा चुकवला, शिव्या खाल्ल्या.
दुसऱ्या रात्री चारच्या सुमाराला
एक बुडबुडा.
मग इतका वेळ काही नाही
की वाटलं, भास.
मग दुसरा.

शेवटचे दोन दिवस अठरावर नेलं,
आपणच केलेला लोण्याचा वास
आपणच खाऊन टाकावा म्हणून.
मग पाच आठवडे भाजी फ्रिजबाहेर, बादली आत.
त्या पाच आठवड्यांत मळप्रभा जे बोलली
ते इथं लिहीत नाही.

रविवारी मोनाप्पा बेनकेंना बोलावलं.
तीस वर्षं फोरमन होते, ओतकाम मला त्यांनीच शिकवलं.
उंच, अरुंद ग्लास उन्हात धरला,
पलीकडच्या कॅलेंडरावरची तारीख वाचता आली.
त्यांनी दोन घोटांत संपवला.
"पाणीच की रे हे."
आणि ग्लास पुढं केला.

तिसऱ्या ग्लासाला जरा थांबले,
जिभेवर काहीतरी फिरवत राहिले.
"कितीवर ओतलंस?"
"सोळा."
"सोळाशे?" मोनाप्पा दचकले.
"साचा फुटंल की!"